‘बलुतं’ : एकट्याचे वाचन आणि गटाचे वाचन

दया पवारांचे ‘बलुतं’ १९७८ साली आले. दगडू मारुती पवार बोलतो आणि दया पवार ऐकतो, अशी त्याची मांडणी. या मांडणीत समीक्षेला दुभंगलेल्या मनाची वेदना दिसली. ती खरीच आहे. घरातला पहिला पदवीधर म्हणून मीही त्या पुस्तकात स्वतःलाच शोधत आलो.

आठ-दहा विद्यार्थ्यांसह ते मोठ्याने वाचू लागलो, तेव्हा माझ्या वाचनातली खोट उघडी पडली. संशयापायी पत्नी सईशी संसार तुटल्याचा भाग आला. मी सवयीने लेखकाच्या प्रांजळपणाची थोरवी सांगू लागलो. एक विद्यार्थिनी म्हणाली, “सर, कबुली त्यांची. सईचं म्हणणं कुठंय?”

मी निरुत्तर झालो. मुलगे खाली पाहू लागले. मग एकेक जण घरचे बोलू लागला. माझ्या शिक्षणासाठी माझ्या बहिणीची शाळा सुटली, हे मीही प्रथमच चारचौघांत बोललो.

सांगणारा दगडू, ऐकणारा दया, दोघेही पुरुष. ‘बलुतं’मधल्या आत्मशोधाची ही मर्यादा आहे. बेबी कांबळे यांचे ‘जिणं आमुचं’ (१९८६) आणि उर्मिला पवार यांचे ‘आयदान’ (२००३) वाचल्यावर ती अधिकच जाणवते.

व्यक्तिमत्त्व विकासाच्या शिबिरांत मुलांना बोलायला शिकवतात. आपण कोणाचे ऐकले नाही, हा प्रश्न आमच्या वाचनगटात निघाला. चळवळीच्या प्रत्येक अभ्यासवर्गात तो निघाला पाहिजे.

पुढच्या बैठकीला ‘आयदान’ आहे. सुरुवात त्या विद्यार्थिनीने करायची आहे. मी ऐकणार आहे.