कोळसा, कष्ट आणि लक्षणा : प्रभाकर पाचपुते यांची रेखाटने

कलावंताचे काम आणि त्याची निर्मिती यांच्यातील संबंधाचा विचार मराठी समीक्षेने बहुधा चरित्राच्या प्रकरणात उरकला आहे. मर्ढेकरांच्या ‘सौंदर्य आणि साहित्य’ (१९५५) या ग्रंथाने संवाद, विरोध आणि समतोल या लयतत्त्वांच्या आधारे कलाकृतीच्या घाटाकडे लक्ष वेधले. श्रमाला त्या मांडणीत जागा असली तर ती घाटाबाहेर. साठोत्तरी दलित आणि ग्रामीण साहित्याच्या समीक्षेने हा क्रम उलटवला आणि अनुभवाची अस्सलता हा निकष पुढे आणला. परंतु तिथेही श्रम मुख्यत्वे आशयद्रव्य म्हणूनच राहिला. प्रभाकर पाचपुते यांच्या कोळशाच्या रेखाटनांसमोर हे दोन्ही निकष अर्ध्या वाटेवर थांबतात. का थांबतात, हे पाहणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

पाचपुते यांचा जन्म १९८६ मध्ये चंद्रपूर जिल्ह्याच्या राजुरा तालुक्यातील सास्ती या खाणगावी झाला. त्यांना ‘विदर्भातील चित्रकार’ म्हणून मोकळे होणे सोपे आहे. पण १९५६ च्या राज्य पुनर्रचना कायद्याने हैदराबाद राज्याच्या आदिलाबाद जिल्ह्यातून बोथ तालुक्यातील इस्लापूर मंडळ, किनवट तालुका आणि राजुरा तालुका हे एकाच वेळी नांदेडला जोडले गेले. १९५९ मध्ये राजुरा चांदा जिल्ह्यात गेला. इस्लापूरजवळ सहस्रकुंडावरून कोसळणारी पैनगंगा पुढे वर्धेला मिळते आणि वर्धा राजुऱ्याच्या परिसरातून वाहते. मराठवाडा आणि विदर्भ या समीक्षेने गृहीत धरलेल्या कप्प्यांच्या खाली असा एक सलग भूप्रदेश आहे. जंगल, कोरडवाहू शेती आणि खाण यांचे परस्परसंबंध त्या प्रदेशाच्या पातळीवर वाचावे लागतात.

पाचपुते यांच्याविषयी एक विधान सहज केले जाते : खाणकामगारांच्या घरातला हा मुलगा खाणीचे चित्र खाणीच्याच द्रव्याने काढतो. विधान आकर्षक आहे, पण ते तपासून घ्यायला हवे. रेखाटनाची कांडी लाकूड कमी हवेत जाळून तयार होते. ती लोणारी कोळशाच्या जातीची. खाणीतला तो दगडी कोळसा. मराठीत दोहोंना ‘कोळसा’ हा एकच शब्द पुरत असल्याने हे अंतर झाकले जाते. एक कोळसा झाडाचा, दुसरा कोट्यवधी वर्षे गाडल्या गेलेल्या अरण्याचा. उघड्या खाणीसाठी आधी वरचे झाड आणि वरची माती हटवावी लागते, मगच खालचा थर हाती येतो. भिंतीवर कांडी घासून खाण रेखाटताना म्हणूनच वरचे जळालेले झाड खालच्या दगडाविषयी बोलू लागते. माध्यम आणि विषय यांची येथे एकरूपता नसून एक ताण आहे, आणि चित्राचा अर्थ त्या ताणातून निष्पन्न होतो.

दुसरा मुद्दा प्रतिमेच्या रचनेचा. या रेखाटनांत माणसाचे धड असते, पण डोक्याच्या जागी दिवा, अवजार किंवा यंत्राचा एखादा भाग येतो. याला रूपक म्हणण्याची घाई होते. रूपकाला साधर्म्य लागते. कामगार दिव्यासारखा आहे, असे मात्र ही चित्रे म्हणत नाहीत. आपल्या काव्यशास्त्राने गौणी आणि शुद्धा अशा लक्षणेच्या दोन जाती सांगितल्या. पहिली सादृश्यावर उभी राहते, दुसरी सादृश्येतर संबंधावर. भाले आत शिरले म्हणताना भालेवाले अभिप्रेत असतात, हे मम्मटाच्या परंपरेतले परिचित उदाहरण या दुसऱ्या जातीचे. पाचपुते यांची प्रतिमा त्याच कुळातली आहे. हजेरीपटावर माणूस त्याच्या कामाने ओळखला जातो. चित्रकार तो व्यवहार शब्दशः घेतो. कल्पनाविलास वाटणारी ही रचना खरे तर एका सामाजिक संबंधाची नोंद असते.

येथे सुधीर पटवर्धनांची आठवण अपरिहार्य आहे. २००५ पर्यंत ठाण्यात क्ष-किरणतज्ज्ञ म्हणून व्यवसाय करीत त्यांनी शहरातला कष्टकरी रंगवला. तो बाहेरून पाहिलेला असला तरी त्याचा चेहरा शाबूत आहे. पाहणाऱ्याची नैतिक जबाबदारी त्या चेहऱ्यात एकवटते. पाचपुते खाणकामगारांच्या घरातले, तरी ते चेहराच काढून घेतात. जवळिकीतून ओळख वाढावी ही आपली अपेक्षा येथे मोडते. शिवाय घरातल्या आधीच्या पिढ्या खाणीत राबल्या. पाचपुते स्वतः खैरागढ आणि बडोदा येथे शिल्पकला शिकले. अस्सलतेचा निकष काटेकोरपणे लावला तर हा अनुभव त्यांचा नव्हे, वारशाचा ठरेल. त्यांचा स्वतःचा श्रम रेखाटण्याचा आहे, आणि समीक्षेने तोच प्रथम पाहायला हवा.

हा श्रम कसा आहे? २०१२ मध्ये मुंबईच्या क्लार्क हाऊसमध्ये त्यांचे ‘कॅनरी इन अ कोलमाइन’ हे प्रदर्शन झाले. खाणीतला विषारी वायू ओळखण्यासाठी पूर्वी पिंजऱ्यातून कॅनरी पक्षी खाली नेत. तो पक्षी शीर्षकात आहे. पुढे त्यांची चित्रे देशोदेशींच्या द्वैवार्षिक प्रदर्शनांत गेली. थेट भिंतीवर काढलेले रेखाटन अनेकदा प्रदर्शन संपताच पुसले जाते. खाणीतला थर संपतो, भिंतीवरची मुदत संपते. दोन्हीकडे काम करणारा पुढच्या जागी जातो. २०२१ मध्ये वेल्समधील आर्टेस मुंडी पारितोषिकाच्या सहा सहविजेत्यांत पाचपुते होते. वेल्सलाही कोळसाखाणींचा इतिहास असल्यामुळे तिथे या प्रतिमांना जमीन मिळाली. सर्वत्र तसे घडेल असे नाही. अवजाराचे डोके एकदा ओळखीचे झाले की ते चिन्ह बनते आणि चिन्ह कुठल्याही शुभ्र दालनात टांगता येते. लक्षणेला जिवंत ठेवणारा प्रत्यक्ष संबंध सुटला तर ती रूढ होते, हे शास्त्रकारांना ठाऊक होते. पाचपुते यांच्या पुढील कामाची खरी परीक्षा येथेच आहे.

परीक्षा समीक्षेचीही आहे. पैनगंगेच्या खोऱ्यात मराठी शिकणाऱ्या विद्यार्थ्याला ही चित्रे बहुधा छायाचित्रांतूनच भेटतील. तरीही लक्षणा, घाट आणि अनुभव ही त्याच्या अभ्यासक्रमातलीच साधने आहेत. ती साहित्यापुरती राखून ठेवण्याचे कारण नाही. श्रम हा चित्राचा विषय आहे, द्रव्य आहे आणि रीतही आहे. या तिन्ही पातळ्या एकत्र वाचणारी परिभाषा घडवली, तर तिचा पहिला लाभ कदाचित आपल्या साहित्यविचारालाच होईल.