स्थळवर्णनातील कार्यकारणभाव : स्वाकोपमुंडचे उदाहरण

नामिबियाच्या अटलांटिक किनाऱ्यावर, वाळवंट आणि समुद्र यांच्या मधोमध वसलेल्या स्वाकोपमुंडविषयीच्या प्रवासलेखनात दोन विषय हटकून येतात : जर्मन अमदानीतील इमारती आणि किनाऱ्यावरील पक्षी. दोहोंचे वर्णन एकाच लेखणीने, पुष्कळदा एकाच सहलीचा वृत्तान्त म्हणून होते. तथापि या दोन वर्णनांची जात एक नसते. पक्ष्यांविषयी लिहिताना लेखक कारणे शोधतो. वास्तूंपाशी येताच तोच लेखक कारणे विचारण्याचे सोडून देतो. हा भेद केवळ शैलीचा नाही.

प्रथम पक्ष्यांचे वर्णन घ्यावे. नगराच्या दक्षिणेस सुमारे ३० किलोमीटरांवर वॉल्व्हिस बे येथील उथळ खाजण आहे. १९९५ पासून ते रामसर कराराखालील पाणथळ म्हणून नोंदलेले आहे. तेथे मोठा आणि लहान अशा दोन्ही जातींचे रोहित पक्षी चरतात. ठाणे खाडीवर उतरणाऱ्या थव्यांमुळे मराठी वाचकास या जाती अपरिचित नाहीत. एक जात चिखलातील लहान जीव वेचते, दुसरी सूक्ष्म शेवाळ गाळून घेते. म्हणून दोघी शेजारी नांदू शकतात, हे जाणता लेखक आवर्जून सांगतो. तो आणखी मागे जातो. बेंग्वेला हा थंड सागरप्रवाह किनाऱ्यालगत वाहतो, तळाचे पोषक पाणी वर येते, त्यावर मासे वाढतात आणि माशांवर पाणकावळ्यांचे थवे जगतात. याच थंड पाण्यामुळे पाऊस होत नाही, परंतु धुके दाटते. वाळवंटाचे वैराण आणि समुद्राचे वैपुल्य यांचे मूळ असे एकत्र सापडते. पाणकावळ्यांची विष्ठा खत म्हणून गोळा करण्यासाठी १९३० नंतरच्या दशकात समुद्रात उभारलेल्या लाकडी मंचाचे तर मोठ्या कौतुकाने वर्णन होते, आणि तेही कारणासह.

आता वास्तू. १९०१ चे रेल्वेस्थानक, १९०५ चे व्होरमान भवन, १९०६ चे होएनत्सोलर्न भवन, दीपगृह, लाकडी चौकटीच्या भिंती, उतरती छपरे. येथे लेखणी विशेषणांच्या स्वाधीन होते. वाळवंटाच्या कडेला एखादे जर्मन गाव कोणी अलगद आणून ठेवले असावे, अशी कल्पना वाचकापुढे ठेवून वर्णन संपते. गाव आणून ठेवले, हे एका अर्थी खरेच आहे. पण कोणी, कशासाठी आणि कोणाच्या खांद्यावरून, हे प्रश्न त्या वाक्यात नाहीत.

वस्तुतः हे नगर येथे असण्याचे कारण विचारण्याजोगे आहे. या ठिकाणी नैसर्गिक बंदर नाही; स्वाकोप नदी वर्षातील बहुतेक काळ कोरडी असते. जवळचे चांगले बंदर, म्हणजे वॉल्व्हिस बे, १८७८ पासून ब्रिटिशांच्या ताब्यात होते. म्हणून १८९२ मध्ये जर्मन सत्तेने उघड्या किनाऱ्यावर आपले बंदर स्थापले. फुटणाऱ्या लाटांतून होड्यांनी माल उतरवावा लागे. १९०३ चा धक्का थोड्याच वर्षांत वाळूने निकामी झाला. नंतर लाकडी धक्का आणि पुढे लोखंडी धक्का हाती घ्यावा लागला. १९१५ मध्ये दक्षिण आफ्रिकेच्या सैन्याने नगर घेतले आणि जहाजांची वाहतूक वॉल्व्हिस बेकडे गेली. इमारती टिकल्या त्यामागे जतनाच्या आस्थेइतकाच बंदराच्या अपयशाचाही वाटा असावा.

याहून कठीण प्रश्न श्रमाचा. १९०४ मध्ये हेरेरो लोकांनी उठाव केला. ऑगस्टमध्ये वॉटरबर्गची लढाई झाली. २ ऑक्टोबरला सेनापती फॉन ट्रोथा याने संहाराचा आदेश काढला. जे जगले त्यांना छावण्यांत कोंडण्यात आले, आणि स्वाकोपमुंड हे त्यांपैकी एक ठिकाण होते. स्त्रीपुरुष कैद्यांकडून जहाजांवरील माल उतरवून घेतला जाई, ओझी ओढून घेतली जात. व्होरमान जहाजकंपनीची स्वतःची छावणी होती. अंतर्भागातील उबदार पठारावरून आणलेली ही माणसे अपुऱ्या अन्नावस्त्रांनिशी येथील गारठ्यात मोठ्या संख्येने मेली. रेनिश मिशनचा पाद्री हाइनरिश फेडर याने त्याची नोंद करून ठेवली आहे. पक्षिवर्णनात जे धुके वाळवंटातील कीटकांना पाणी पाजते, ते हेच धुके. तेथे त्याचा कार्यकारणभाव सांगणाऱ्या लेखकास येथे मात्र धुके केवळ छपरांना शोभा आणणारे वाटते.

प्रवासवर्णन म्हणजे इतिहासग्रंथ नव्हे, असा आक्षेप यावर घेतला जाईल. तो ग्राह्य आहे. परंतु मग पक्षिवर्णन हा प्राणिशास्त्राचा ग्रंथ का व्हावा? काही लेखनात संहाराचा उल्लेख येतो, २०२१ मध्ये जर्मनीने त्यास वंशसंहार म्हटल्याचेही येते. मात्र तो परिच्छेद वेगळा ठेवलेला असतो, आणि तो संपताच इमारती पूर्वीच्याच विशेषणांनी पुन्हा सजू लागतात. अनुल्लेखापेक्षा ही रीत अधिक सदोष मानावी लागेल, कारण येथे ज्ञान असूनही ते दृष्टीत उतरलेले नाही. व्होरमान भवनाच्या लाकूडकामातील प्रमाणबद्धता या माहितीने नष्ट होत नाही. ‘निरागस’ हे विशेषण मात्र त्यास यापुढे लावता येणार नाही. १९०८ मध्ये उभारलेले नौदल-पायदळाचे स्मारक शिल्प म्हणून पाहतानाही, त्यातील मरणारा सैनिक कोणाशी लढताना पडला हे शिल्पाच्या अर्थाबाहेर ठेवता येत नाही.

स्वाकोपमुंड आणि वॉल्व्हिस बे यांच्या दरम्यानच्या खडकाळ मैदानावर दमारा सुरय हा लहान पक्षी घरटे न बांधता जमिनीतल्या किंचित खोलगटात बहुधा एकच अंडे घालतो. अंड्याचा रंग भोवतालच्या खड्यांसारखा असल्याने जाणकार पक्षिनिरीक्षक जमिनीवर नजर ठेवून पाऊल टाकतो. नगराच्या दफनभूमीत युरोपीय थडग्यांवर कोरीव दगड आणि नावे आहेत. त्यांच्या पलीकडे वाळूचे सखल, बिननावाचे उंचवटे दूरवर पसरले आहेत. त्यांच्यासाठी स्मृतिशिला उभी राहण्यास एकविसावे शतक उजाडावे लागले.