एकशृंगाचे अस्तित्व : निर्देश आणि संकेत

एकशृंग हा प्राणी कधीकाळी खरोखर होता काय, हा प्रश्न वरवर प्राणिशास्त्राचा आहे. परंतु तो उपस्थित होतो मुद्रा, शिल्प आणि कथा यांच्या आधारे. त्यामुळे या पुराव्याचे स्वरूप तपासणे हे समीक्षेचे काम ठरते. कल्पित प्राण्यामागचा खरा प्राणी सापडला की अर्थनिर्णयन पूर्ण झाले, असे गृहीत धरणारी मूळशोधाची पद्धती आपल्याकडे दृढ आहे. एकशृंगाच्या बाबतीत ती कोठवर पोहोचते, हे पाहणे उद्बोधक ठरेल.

इ. स. पूर्व ४००च्या सुमारास क्तेसिअस या ग्रीक वैद्याने भारतातील एकशिंगी रानगाढवाचे वर्णन केले. त्या शिंगाच्या पेल्यातून पिणाऱ्यास विषबाधा होत नाही, असेही त्याने नोंदवले. त्याची सारी भिस्त इराणी दरबारात मिळालेल्या हकिकतींवर होती. या वर्णनात भारतीय गेंड्याचा अंश असावा, असे सामान्यतः मानले जाते. ऐकीव माहितीचा विपर्यास उलगडण्यास येथे मूळशोध उपयोगी पडतो.

सिंधू संस्कृतीच्या मुद्रांवरील एकशृंगाला मात्र हे स्पष्टीकरण लागू पडत नाही. या मुद्रांवर सर्वाधिक आढळणारी प्राण्याकृती हीच आहे. त्याच मुद्राकारांनी गेंडाही स्वतंत्रपणे कोरला आहे. तेव्हा गेंडाच चुकून असा रेखाटला गेला, असे म्हणता येत नाही. बाजूने दाखवलेल्या बैलाचे दुसरे शिंग पहिल्यामागे झाकले गेले, असेही एक मत आहे. परंतु वशिंडाचा बैल आणि रेडा हेही बाजूनेच दाखवलेले असून त्यांची दोन्ही शिंगे स्पष्ट दिसतात. शिवाय चन्हुदडो येथे एकशिंगी मृण्मूर्ती मिळाल्या आहेत आणि मूर्तीत शिंग झाकले जाण्याचा प्रश्नच उद्भवत नाही. अशा प्राण्याची हाडे मात्र उत्खननांत आढळलेली नाहीत. म्हणजेच येथील एक शिंग हा दृष्टिदोष नव्हे. ती जाणीवपूर्वक केलेली निवड आहे.

महाराष्ट्रातील दायमाबादची साक्षही येथे लक्षात घ्यावी लागते. प्रवरेकाठच्या या स्थळी १९७४मध्ये चार कांस्यशिल्पे मिळाली. त्यांचा काळ वादग्रस्त असला, तरी उत्तर-हडप्पा परंपरेशी त्यांचे नाते जोडले जाते. त्यांत चाकांवर उभा असलेला गेंडा आहे, एकशृंग नाही. गेंडा हा गेंडा म्हणूनच घडवणाऱ्या कारागिरांची ही परंपरा आहे.

कथेत शिंगाचे कार्य आणखी वेगळे होते. महाभारताच्या वनपर्वातील ऋष्यशृंग हा विभांडकाचा हरिणीपासून झालेला पुत्र. त्याच्या मस्तकावर शिंग आहे. महावस्तूत तर तो एकशृंग याच नावाने येतो. हे शिंग कोणाशी झुंजत नाही. अरण्य आणि नगर, ब्रह्मचर्य आणि काम, अवर्षण आणि पर्जन्य या द्वंद्वांच्या सीमेवर उभ्या असलेल्या पुरुषाची ती खूण आहे. तिच्यामागे कोणते जनावर होते, हे कळल्याने राजा लोमपादाच्या राज्यातील अवर्षणाचा अर्थ उलगडत नाही.

प्राणी म्हणून एकशृंग होता, असे मानण्यास आधार नाही, हे उत्तर स्पष्टपणे द्यावेच लागते. ‘तो कल्पनेत तर होता’ असे म्हणून ते टाळणे ही सोयीची पळवाट होय. कारण तिने मुद्रेवरील संकेत, प्रवाशाचा गैरसमज आणि कथेतील लक्षण यांतील भेद पुसला जातो. यांपैकी गैरसमजाचे मूळ दाखवले की त्याचा उलगडा होतो. संकेताचा आणि लक्षणाचा अर्थ मात्र ज्या व्यवस्थेत ते वावरतात, तिच्यातच शोधावा लागतो. मूळशोधाची मर्यादा येथे सुरू होते आणि संहितेच्या वाचनाची जबाबदारीही येथूनच.