रेणूंच्या अध्यारोपणातील परिवलन मॅट्रिक्स : काब्श पद्धतीचे चिकित्सक मूल्यमापन

प्रस्तावना : दोन रेणूंच्या त्रिमितीय रचनांची तुलना करण्यासाठी एक रचना सरकवून व फिरवून दुसरीवर बसवावी लागते. या क्रियेस अध्यारोपण म्हणतात. त्यासाठी सर्वत्र वापरली जाणारी एक पद्धत वोल्फगांग काब्श यांनी १९७६ मध्ये मांडली. प्रस्तुत लेखात तिचे सामर्थ्य व मर्यादा यांचा परामर्श घेतला आहे.

पद्धतीचे स्वरूप : प्रथम दोन्ही रचनांचे मध्यबिंदू एकत्र आणले जातात. नंतर जोडीतील अणूंच्या निर्देशकांवरून ३×३ मॅट्रिक्स तयार करून, अणूंमधील अंतरांच्या वर्गांची बेरीज किमान करणारे परिवलन काढले जाते. अनेक कोन तपासत बसण्याची गरज उरत नाही. उत्तर थेट मिळते. हे या पद्धतीचे खरे यश होय. मात्र मॅट्रिक्सचा निश्चयक +१ ऐवजी −१ आल्यास ते परिवलन न राहता आरशातील परावर्तन ठरते. प्रथिनांच्या साखळ्या एल-अमिनो आम्लांच्या बनलेल्या असल्याने असे उत्तर गणिती दृष्ट्या उत्तम असूनही जीवशास्त्रीय दृष्ट्या निरर्थक असते. काब्श यांनी १९७८ च्या टिपणात या उणिवेचा परामर्श घेतला.

मर्यादा : दुसरी अडचण गणिताने सुटणारी नाही. कोणते अणू जुळवावेत, हे पद्धत सांगत नाही. हिमोग्लोबिनचे उदाहरण येथे उद्बोधक आहे. या रेणूत चार साखळ्यांचे दोन अर्धभाग असतात. प्राणवायूरहित व प्राणवायूयुक्त अवस्थांमध्ये एक अर्धभाग दुसऱ्याच्या सापेक्ष सुमारे १५ अंशांनी फिरलेला असतो. संपूर्ण रेणूचे अध्यारोपण केल्यास हा फरक सर्व अणूंत वाटला जातो आणि हालचालीचे स्वरूप झाकले जाते. जॉइस बाल्डविन व सायरस चोथिया यांनी १९७९ च्या विश्लेषणात एक अर्धभाग जुळवून दुसऱ्याचे परिवलन मोजले. गणित तेच, परंतु अणूंची निवड विचारपूर्वक केल्याने रेणूचे कार्य उलगडले.

निष्कर्ष : अध्यारोपणानंतर मिळणारे सरासरी विचलन हा निर्णय नव्हे, तो निवडीचा परिणाम आहे. म्हणून हा आकडा देताना कोणते अणू जुळवले व का, हेही नमूद करणे आवश्यक आहे. मॅट्रिक्स रेणू अचूक फिरवते. काय स्थिर मानावे, हे मात्र संशोधकानेच ठरवावयाचे असते.