त्या मुलाचे बरोबर होते

स्टीव्हन स्पीलबर्ग यांच्या ‘जुरासिक पार्क’विषयी आपल्याकडे पुष्कळ बोलले गेले, पण ते बहुतेक सारे त्यातल्या तांत्रिक करामतींविषयी. १९९३ साली निघालेला हा चित्रपट पुढच्याच वर्षी हिंदीतून आला आणि मुले डायनासोरची अवघड नावे तोंडपाठ म्हणू लागली. आदिम प्राण्यांविषयी मुलांचे कुतूहल जागवण्याचे श्रेय या चित्रपटाला दिले जाते. ते द्यायलाच हवे. माझा प्रश्न निराळा आहे, आणि तो कदाचित मास्तरकीच्या पेशातून आला असेल. ज्याचे कुतूहल जागे झाले त्या मुलाशी हा चित्रपट वागतो कसा?

आरंभीचाच एक प्रसंग पाहावा. उजाड माळरानावर उत्खनन चालू आहे. डॉ. ग्रँट हे संशोधक व्हेलोसिरॅप्टरचा सांगाडा दाखवून त्याची ठेवण पक्ष्यांशी कशी जुळते ते सांगत आहेत. जमलेल्यांतला एक मुलगा म्हणतो की, हा काही फारसा भयंकर दिसत नाही, मोठी टर्कीच वाटते. टर्की म्हणजे कोंबडीच्या कुळातला अमेरिकेतला थोराड पक्षी. यावर ग्रँट खिशातून अश्मीभूत नखी काढतात आणि हा प्राणी तुझे पोट कसे फाडील याचे असे वर्णन करतात की पोराची बोबडी वळते. प्रेक्षक हसतात. मला मात्र सबंध चित्रपटात हाच प्रसंग सर्वांत जास्त खटकतो.

पक्ष्यांचा धागा ग्रँट यांनीच दिला होता. मुलाने तो पकडला आणि आपल्या ओळखीच्या पक्ष्यापर्यंत नेला, एवढेच. अनोळखी वस्तू ओळखीच्या वस्तूशी ताडून पाहणे ही तर शास्त्राची पहिली पायरी. शिवाय ते पोर चुकलेही नव्हते. खरा व्हेलोसिरॅप्टर पडद्यावरच्यापेक्षा पुष्कळ लहान, टर्कीएवढाच होता. आणि त्याच्या हाताच्या हाडावर पिसांच्या मुळांच्या खुणा असल्याचे २००७ साली प्रसिद्ध झाले.

चित्रपट पुढे ग्रँट यांना बदलवतो, हे न्यायाने सांगितले पाहिजे. दोन मुलांना सांभाळत ते झाडावर रात्र काढतात, सकाळी पाला खायला आलेल्या महाकाय प्राण्याला मुलांसह हात लावतात, जंगलात फुटलेली अंडी दाखवतात. अखेरीस हेलिकॉप्टरच्या खिडकीतून ते समुद्रावर उडणारे पक्षी पाहत राहतात. शेवट सुंदर आहे. पण ‘तुझे बरोबर होते’ असे त्या पहिल्या मुलाला कोणीच सांगत नाही.

हे सारे परदेशातले, आपल्याला त्याचे काय, असे धार-देवासच्या वाचकांनी म्हणू नये. धार जिल्ह्यात नर्मदेच्या खोऱ्यात टायटॅनोसॉर या शाकाहारी डायनासोरांची ९२ घरटी आणि २५६ अंडी नोंदल्याचे संशोधन २०२३ साली प्रसिद्ध झाले. त्याच्या आदल्या वर्षी पाडल्या गावाजवळच्या एका अंड्याची हकीकत आली होती: अंड्याच्या आत अंडे! असा प्रकार तोवर पक्ष्यांतच ठाऊक होता. कोंबडीच्या बाबतीत तो क्वचित घडतो. टायटॅनोसॉर काही पक्ष्यांचे पूर्वज नव्हेत, तरी अंड्यांच्या बाबतीत त्यांचे पक्ष्यांशी साम्य निघाले. घरी कोंबड्या असलेल्या बागच्या मुलाला ही गोष्ट शहरी मुलापेक्षा लवकर उमगेल.

याच पाडल्यात अशी गोल दगडी अंडी शेताचा राखणदार ‘काकड भैरव’ म्हणून पूजली जात होती, ही बातमी २०२३च्या अखेरीस गाजली. पुष्कळांना हसू आले. मला वाटते, हे दगड इतर दगडांहून वेगळे आहेत एवढे तरी त्या लोकांनी नेमके हेरले होते आणि ते जपले होते. आपण हसावे कशाला? आपल्या देवघरातला चक्रांकित शाळिग्रामही गंडकीच्या पात्रातला, ॲमोनाइट नावाच्या समुद्री जीवाचा जीवाश्मच असतो. पाडल्याचे पोर शाळेत येऊन ‘हा आमचा देव’ म्हणेल, तेव्हा आजीच्या देवाला हसणे आणि नखी दाखवून भिववणे यांचा परिणाम एकच: ते पोर पुन्हा तोंड उघडणार नाही.

देवासचे मूल विचारील, आमच्याकडे अंडी का सापडत नाहीत? हा प्रश्नही मोलाचा आहे. पायाखालचा काळा पाषाण हा सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी वाहिलेला, थिजलेला लाव्हा. तप्त लाव्हात हाडे-अंडी कशी टिकणार? ती त्याखालच्या थरांत सापडतात, आणि धारकडे नर्मदेच्या खोऱ्यात ते थर उघडे पडले आहेत.

चित्रपट मुलांना जरूर दाखवावा. बागच्या बाजूलाही न्यावे. तिथले दगड मात्र उचलून आणू नयेत. आणि नखीच्या प्रसंगाआधी चित्रपट थांबवून मुलाला विचारावे, हा तुला कशासारखा दिसतो? उत्तर मराठीत येवो की हिंदीत, ते पुरते ऐकून घ्यावे.