शिंगणापूरचं तेल आणि चौथरा

मंडळी, षोडशोपचार पूजा म्हणजे घरी आलेल्या पाहुण्याचं आगतस्वागत. आवाहन, आसन, पाय धुवायला पाणी, स्नान, वस्त्र, नैवेद्य. आता आपल्या नेवासा तालुक्यातलं शनिशिंगणापूर बघा. तिथे देवाला घरच नाही! काळी उभी शिळा, उघडा चौथरा, ऊनपाऊस अंगावर. आख्यायिका अशी की पानसनाल्याच्या पुरात शिळा वाहत आली, गुराख्याने काठी टोचली तर रक्त आलं, आणि देवाने स्वप्नात येऊन छप्पर नको म्हणून सांगितलं. उपचारांत मुख्य एकच, तेल.

आमचा आक्षेप इथूनच सुरू होतो. गाभारा असला की उंबरा येतो, सोवळं येतं, आतलेबाहेरले येतात. इथे गाभाराच नाही. तरी बाईने चौथऱ्यावर चढायचं नाही, हा दंडक होता. नोव्हेंबर २०१५ मध्ये एक तरुणी वर जाऊन तेल वाहून आली, तर मागाहून दुधाचा अभिषेक करून शुद्धी झाली. पुराच्या गाळातून आलेल्या शिळेला विटाळ झाला म्हणे.

परंपरा आहे, बदलता येत नाही, असं उत्तर तेव्हा मिळत होतं. पण बदल तर चालूच होते. गर्दी वाढली तसा एरवी पुरुष भाविकांनाही चौथरा बंद झाला होता. तेल खाली ओतायचं, ते पंपाने शिळेवर चढायचं. पंप कुठल्या पोथीत आहे? २०१६ साली मुंबई उच्च न्यायालयाने मंदिरप्रवेशाचा १९५६ चा कायदा अमलात आणायला शासनाला बजावलं. त्या पाडव्याला, ८ एप्रिलला, पुरुषांनाही मनाई असताना पुरुष चढलेच, आणि त्याच दिवशी विश्वस्तांनी चौथरा स्त्रियांनाही खुला केला. म्हणजे शेवटचा धक्का पुरुषांच्या दांडगाईने दिला. हे आम्हाला अजून खटकतं.

पुढे १ मार्च २०२५ पासून, भेसळीने शिळेची झीज होते म्हणून, फक्त ब्रँडेड रिफाइंड तेलच वाहायचं असं ठरलं. निर्णय योग्यच, शिळा टिकली पाहिजे. पण तेव्हा परंपरा बुडाली म्हणून कुणी गहजब केला नाही. तेल बदलताना जी समजूत दाखवली, ती बाईच्या बाबतीत दाखवायला कोर्टाची पायरी का चढावी लागली, हे विश्वस्तांना विचारायचं राहूनच गेलंय.