तपास करणारा माणूस

‘कोलंबो’ या अमेरिकन मालिकेत खुनी कोण हे बहुतेक भागांत सुरुवातीलाच दाखवून टाकतात. खून कसा झाला, पुरावा कसा नाहीसा केला, आपण त्या वेळी दुसरीकडेच होतो असा देखावा कसा उभा केला, सगळं आपल्या डोळ्यांदेखत घडतं. रहस्य म्हणावं असं काही उरतच नाही. तरीही १९६८ ते २००३ या काळात तिचे ६९ भाग निघाले आणि आजही लोक ते आवडीने बघतात. खुनी आधीच कळलेला असताना प्रेक्षक दीड-दोन तास खिळून राहतो तो कोलंबोसाठी. चुरगळलेला रेनकोट घातलेला, विसरभोळा वाटणारा हा पोलीस अधिकारी श्रीमंत आणि स्वतःच्या हुशारीवर खूश असलेल्या खुन्याला कसा घेरत नेतो, हे प्रेक्षकाला बघायचं असतं.

टीव्हीवरच्या गुन्हेकथेची खरी ताकद इथे आहे. कोडं एकदाच सुटतं, माणूस मात्र पुन्हा पुन्हा बघावासा वाटतो. पण माणूस दाखवायचा म्हणजे काय, याबद्दल सध्या मोठा गैरसमज आहे. गुप्तहेराचा स्वभाव त्याच्या दुःखांच्या यादीत नसतो, तो तपासाच्या रीतीत असतो. आज या प्रकाराची जगभर भरभराट चालू आहे आणि नेमकी हीच गोष्ट हातातून निसटते आहे.

कोलंबोचंच बघा. लेव्हिन्सन आणि लिंक या लेखकद्वयाने त्याला भूतकाळ जवळजवळ दिलाच नाही. तो बायकोबद्दल सतत बोलतो, पण ती कधी पडद्यावर येत नाही. पीटर फॉकने अंगावर चढवलेला रेनकोट त्याचा स्वतःचा, घरातला होता. त्या रेनकोटमुळे, खटारा गाडीमुळे आणि अतिनम्र बोलण्यामुळे लॉस एंजेलिसच्या बंगल्यांतले लोक त्याला कमी लेखतात, आणि तो त्यांना तसं लेखू देतो. निरोप घेऊन दारापर्यंत जातो, मागे वळतो आणि आणखी एक बारीकसा प्रश्न विचारतो. चिकाटी, वर्गभेदाची पक्की जाण, माणसाच्या अहंकारावर नेमकं बोट ठेवण्याची कला, सगळं त्या मागे वळण्यात आलं. दोस्तोयेव्हस्कीच्या ‘क्राइम अँड पनिशमेंट’मधला पोर्फिरी हा या पात्राचा पूर्वज, हे त्याच्या निर्मात्यांनीच सांगितलेलं आहे.

ब्रिटिश मालिकांनी पुढची पायरी गाठली. कॉलिन डेक्स्टरच्या कादंबऱ्यांवरून आलेली ‘इन्स्पेक्टर मोर्स’ १९८७ ते २००० या काळात चित्रपटाएवढ्या लांब ३३ भागांत चालली. ऑक्सफर्डमधला हा अधिकारी शब्दकोडी सोडवतो, ऑपेरा ऐकतो आणि रक्त बघितलं की त्याला कसंतरी होतं. मला तो मोठा वाटतो तो त्याच्या चुकांमुळे. मोर्स वारंवार चुकीच्या माणसावर संशय घेतो, कारण साध्या उत्तरापेक्षा देखणं उत्तर त्याला भुरळ घालतं. त्याचा सहकारी लुईस संसारी, सरळ माणूस. त्याच्या एखाद्या सहज वाक्यातून मोर्सला वाट सापडते. जॉन थॉ आणि केव्हिन व्हेटली यांनी हे नातं मैत्रीची भाषा न वापरता उभं केलं. २०१२ ते २०२३ मध्ये आलेल्या ‘एन्डेव्हर’मध्ये तरुण मोर्स आहे. त्याचा वरिष्ठ थर्सडे याला बायको डब्यात सँडविच देते. आज वार कोणता यावरून आत काय असणार हे मोर्स आधीच ओळखतो. निरीक्षणाची ताकद, घर असलेला माणूस आणि घर नसलेला माणूस, हे सगळं एका डब्यात मावतं. तिथे वेगळं दुःख सांगावं लागत नाही.

१९९१ च्या ‘प्राइम सस्पेक्ट’मध्ये लिंडा ला प्लांटने हीच रीत एका बाईच्या हाती दिली. जेन टेनिसन या पोलीस अधिकाऱ्याला मोठी केस मिळते ती पुरुष सहकारी हृदयविकाराने अचानक गेल्यावर, आणि सगळं पथक तिच्या विरोधात असतं. हेलन मिरेनची टेनिसन रागावते, सिगारेट ओढते, घरच्या समारंभाला उशिरा पोहोचते. पण मालिका तिची कीव करत नाही. पथकातल्या पुरुषांशी ती कशी झुंजते आणि संशयितासमोर कशी बसते, या दोन्ही गोष्टी एकाच स्वभावातून येतात.

मग टीव्हीला आपलं खास हत्यार सापडलं, ते म्हणजे वेळ. डेन्मार्कच्या ‘फोरब्रुडेल्सन’ने २००७ मध्ये एकाच मुलीच्या खुनाला २० भाग दिले, एक भाग म्हणजे तपासाचा एक दिवस. एरवी गुन्हेकथेत आईवडिलांना बातमी सांगायला दोन मिनिटं पुरतात. इथे आपण त्यांच्या स्वयंपाकघरात दिवसच्या दिवस बसतो. सारा लुंड या तपास अधिकाऱ्याचं घर, नवी नोकरी, मुलगा, सगळं याच दिवसांत हातातून सुटत जातं. तिचा एकटेपणा आपल्याला कुणी सांगत नाही, तो आपल्यासमोर तयार होतो.

या परंपरेत मला सर्वांत उंच वाटते ती सॅली वेनराइटची ‘हॅपी व्हॅली’. २०१४, २०१६ आणि २०२३ अशी तीन पर्वं, प्रत्येकी सहा भाग. यॉर्कशरमधल्या छोट्या गावांत गणवेशात गस्त घालणारी कॅथरिन केवूड ही तिची नायिका. पहिल्याच प्रसंगात एक तरुण मुलांच्या मैदानात स्वतःला पेटवून घेण्याची धमकी देत उभा असतो. कॅथरिन येते, आग विझवायचं नळकांडं हाताशी ठेवते, डोळ्यांवर गॉगल चढवते आणि त्याच्याशी बोलायला लागते. बोलता बोलता ती आपलं आयुष्य सांगून टाकते: घटस्फोट, व्यसनातून बाहेर पडलेली बहीण, गेलेली मुलगी, न बोलणारा मुलगा, सांभाळायचा नातू. दुःखाची अख्खी यादी इथे येते, पण ती प्रेक्षकासाठी वाचलेली नसते. समोरच्या पोराचा जीव वाचावा म्हणून कॅथरिन ती वापरत असते. सारा लँकाशरच्या आवाजात त्या क्षणी ना रड आहे ना बढाई, फक्त कामाचं भान आहे.

दुसऱ्या आणि तिसऱ्या पर्वात सात वर्षांचं अंतर आहे. नातवाचं काम करणारा मुलगा खरोखर मोठा व्हावा, बापाला भेटायचं की नाही हे ठरवण्याच्या वयाचा व्हावा, म्हणून लेखिका थांबली. कथेसाठी एका मुलाच्या वाढीची वाट बघणं दुसऱ्या कुठल्या माध्यमाला सहजी परवडेल?

याउलट आज जो माल भराभर येतो त्यात गुप्तहेर म्हणजे ठरलेला साचा झाला आहे. दारू, मोडलेलं लग्न, मेलेलं मूल, रात्रीचे भास. माझी कसोटी साधी आहे: ही पूर्वकथा काढून टाकली तर तपास बदलतो का? बदलत नसेल तर ती सजावट आहे. केट विन्स्लेटची ‘मेअर ऑफ ईस्टटाउन’ (२०२१) या कसोटीला उतरते. तिच्या मेअरनेही मुलगा गमावला आहे, पण ज्या गावात ती चौकशी करते तिथे सगळे तिला शाळेच्या दिवसांपासून ओळखतात, आणि तपास तिला तिच्याच माणसांच्या उंबरठ्यावर आणून सोडतो. तिथे दुःख आणि काम वेगळं काढता येत नाही.

आपल्याकडे गाजर खाणारा ‘करमचंद’ (१९८५) आणि बासू चटर्जींचा ‘ब्योमकेश बक्षी’ (१९९३) हे माणसंच होते. पंकज कपूरचा लहरीपणा आणि रजित कपूरची शांत नजर अजून आठवते. १९९८ पासून ‘सीआयडी’ने वेगळा आनंद दिला, ओळखीची माणसं न बदलता दर आठवड्याला भेटण्याचा. त्या आनंदाला मी कमी लेखत नाही. पण तपासाने माणूस बदलतो हे हिंदीत ठसलं ते ‘पाताल लोक’मुळे (२०२०). जयदीप अहलावतच्या हाथीरामला मोठी केस मिळते, काढून घेतली जाते, तो निलंबित होतो आणि तरी चित्रकूटपर्यंत माग काढत जातो. आरोपींची बालपणं उलगडताना तो स्वतःच्या मुलाशी कसा वागतो हे त्याला दिसू लागतं. २०२३ च्या ‘कोहरा’त तर हे आणखी घट्ट विणलं आहे. बलबीर सिंग मृत तरुणाच्या घरातल्या बापाच्या सक्तीचा शोध घेतो आणि घरी येऊन आपल्या मुलीवर तीच सक्ती करतो. सुविंदर विकी चेहरा जवळजवळ न हलवता ही जाणीव चेहऱ्यावर उतरवतो. ही मालिका बहुतांशी पंजाबीत आहे. गावची बोली, गावचं शेत, गावचं पाप, यांतलं काहीही तिने बाहेरच्यांसाठी सपक केलं नाही.

म्हणूनच मराठीची उणीव बोचते. मुंबई दूरदर्शनवर ‘एक शून्य शून्य’ होती, ज्यात शिवाजी साटम होते. रमेश भाटकरांची ‘हॅलो इन्स्पेक्टर’ होती. पुढे रोजच्या मालिकांचा काळ आला. ज्या मालिकेचा शेवट टीआरपीवर ठरतो तिथे पात्र बदलू शकत नाही, कारण ते कुठे पोहोचणार हे लेखकालाच ठाऊक नसतं. २०१७ मध्ये ‘रुद्रम’ने ठरावीक भागांत गोष्ट संपवली. स्फोटात घरची माणसं गमावलेली मुक्ता बर्वेची रागिणी सत्याचा माग काढताना स्वतःही बदलत गेली. ती वाट पुढे रुळली नाही.

विषयांची कमतरता अजिबात नाही. आपल्या गावागावांत पोलीस पाटील आहे. १९६७ च्या महाराष्ट्र ग्राम पोलीस अधिनियमाने त्याच्यावर गावातल्या गुन्ह्यांची खबर देण्याची जबाबदारी टाकली आहे. तो गावचाच असतो, भावकीतला असतो, आणि ठाण्याला माहितीही त्यानेच द्यायची असते. शेजाऱ्याच्या घरात मढं निघालं तर तो काय सांगेल, काय दडवेल, आणि त्यानंतर त्याच गावात कसा राहील? मेअर आणि बलबीर ज्या पेचात सापडले तो पेच इथे एका पदातच भरलेला आहे. सहा भाग, ठरलेला शेवट, गावची बोली जशीच्या तशी आणि तपासाच्या रीतीतून उलगडणारा एक माणूस. मराठी वाहिन्यांनी आणि ओटीटीवाल्यांनी एवढं धाडस करावं. त्यासाठी लागणारे नट आणि लेखक आपल्याकडे आहेत, आणि माणूस बघायला आलेला प्रेक्षकही आहे.